जराशी ओल, बाकी मजबूत

"दलाल-बिलाल काही नको. घर मी स्वतःच विकतो," असं मी म्हणालो तेव्हा माझी बायको तरु गाठिया तळत होती. तिनं झारा कढईच्या काठावर टेकवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "सायकल विकलीत, तसंच का?"

(सायकल मी विकली नव्हती. एका गृहस्थांना चालवून बघायला दिली होती. ते अजून बघताहेत.)

पण माझा निश्चय झाला होता. भावनगरच्या पाणीपट्टी कचेरीत उभी हयात नोकरी केलेला माणूस मी. लोकांना नको असलेली गोष्ट त्यांच्या गळ्यात मारायचं शिक्षण मला सरकारी खर्चानं मिळालं होतं. घर तर बिचारं चांगलंच होतं. खाली दिवाणखाना, त्यात झोपाळा, मागे स्वयंपाकघर, आणि वर निजायची खोली. मधे जिना. जिना जरा उभा होता. म्हणजे इतका उभा, की आमचे व्याही पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना ती शिडी वाटली.

याच जिन्यावरून तरु गेल्या उन्हाळ्यात पडली. छुंद्याची बरणी गच्चीवर उन्हात ठेवायला चालली होती. बरणी वाचली, पाय मोडला. प्लास्टर निघालं, पाय बरा झाला, आणि मी जाहीर केलं की आता हे घर विकायचं आणि बडोद्याला ईशानीच्या, म्हणजे आमच्या लेकीच्या, शेजारी लिफ्ट असलेला फ्लॅट घ्यायचा.

"का?" तरुनं विचारलं.

"मला नातवाजवळ राहायचंय," मी म्हणालो.

"बरं. तुमची मर्जी," ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. ती इतक्या पटकन 'बरं' म्हणाली, की मला वाटलं, हिलाही तेच हवं होतं.

त्याच आठवड्यात आमच्या ज्ञातीच्या वाडीत, म्हणजे कार्यालयात, एक व्याख्यान होतं. 'घर विकणारे, कुटुंबं आणि गुंतवणूकदार यांना व्यवहारी सल्ला.' वक्ते मनहर सर. प्रवेश फुकट, वर चहा. (चहा नसता तर ही कथा घडली नसती.) मनहर सर टाय लावून आले होते आणि एकेक वाक्य हातोडीनं ठोकल्यासारखं बोलत होते.

"भिंतीवरचे फोटो काढा! गिऱ्हाइकाला भिंतीत स्वतःचं कुटुंब दिसलं पाहिजे, तुमचं नव्हे! वास चांगला ठेवा! दोष लपवू नका, विचारण्याआधीच सांगून टाका, विश्वास बसतो! आणि 'घर' हा शब्द तोंडातून काढू नका. घर म्हटलं की गळा दाटतो, गळा दाटला की भाव पडतो!"

मी सगळं पाठ केलं. घरी येऊन फोटो उतरवले. आमच्या बांचा, म्हणजे आईचा, ईशानीच्या शाळेतला, आणि आमच्या लग्नाचा, ज्यात मी फेट्यामुळे बरा दिसतो. भिंतीवर फिकट चौकोन उरले. तरु येता-जाता त्या चौकोनांकडे बघायची, पण बोलायची काही नाही.

पहिलं गिऱ्हाईक आलं, ते एक तरुण जोडपं होतं. तरुनं त्यांच्या हातात पाण्याचे पेले दिले आणि म्हणाली, "या पायरीवर जपून हं. मी इथंच पडले." मग त्या मुलीला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "दुपारी या खिडकीतनं ऊन येतं, तेव्हा इथं तांदूळ निवडायला बसायचं. ईशानी इथंच रांगायला लागली." पुढं काय झालं ठाऊक नाही. मी आत गेलो तर दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. जाताना तो मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, अशा माणसाला या घरातनं काढलं तर आम्हांला पाप लागेल."

आणखी तीन-चार गिऱ्हाइकं अशीच गेली, तेव्हा मी धावत मनहर सरांकडे गेलो. ते म्हणाले, "हळवं माणूस गिऱ्हाइकाच्या वेळी घराबाहेर पाठवा!"

म्हणून पुढच्या रविवारी राजकोटची पार्टी चार वाजता येणार होती, तेव्हा मी तरुला सकाळीच सांगितलं, "आज तू दुपारी कुठंतरी जा."

ती म्हणाली, "मी जाणारच आहे. शेजारी ज्योत्स्नाबेनच्या झंखनाला बघायला मंडळी यायचीयत, मदतीला बोलावलंय मला." म्हणजे, ती असं म्हणाली होती म्हणे. मी त्या वेळी आरशासमोर 'घर' हा शब्द न वापरता बोलायचा सराव करत होतो. मला 'मी जाणारच आहे' एवढंच ऐकू आलं.

साडेतीनला मी वासाची सोय केली. अगरबत्तीची एक काडी लावायची की दोन, हे मनहर सरांनी सांगितलं नव्हतं, म्हणून पुडाच लावला. चारच्या आधीच फाटक वाजलं. सफारीतले एक गृहस्थ, एक दणकट म्हातारी, आणि मागं इस्त्रीचा शर्ट घातलेला, घामेजलेला तरुण.

"राजकोटहून ना?" मी विचारलं.

"हो, सकाळीच निघालो. मी हरकांत. ही माझी बा, जडीबा. हा मुलगा, तपन. गुरांचा डॉक्टर आहे."

"या, या! तुमचीच वाट बघत होतो."

जडीबांनी उंबऱ्यातच नाक वर केलं. धुरातून भिंतीवरचे रिकामे चौकोन बघितले आणि दबक्या आवाजात विचारलं, "भाई, कुणी गेलं का घरात?"

"नाही बा, वास आहे. मुद्दाम केलाय."

मंडळी झोपाळ्यावर बसली. मी पाणी दिलं. (सराव कामी आला. 'घर' हा शब्द जिभेवर आला की मी तो गिळून, मनात 'वास्तू' धरून, 'ही' म्हणत होतो.)

हरकांतभाई खाकरले. "मग, वय काय म्हणालात?"

"चौतीस."

त्यांनी मुलाकडे बघितलं. "आम्हांला सत्तावीस सांगितलं होतं."

"कुणी सांगितलं? कागदपत्रं आहेत माझ्याकडे. पण वयावर जाऊ नका, बांधा बघा! आजकालच्या कुठं अशा असतात? भूकंपात अख्खी गल्ली रस्त्यावर पळाली, ही जागची हलली नाही."

"धीराची आहे," जडीबा कौतुकानं म्हणाल्या. "स्वभावानं कशी? शांत?"

'स्वभाव' हा शब्द मला आवडला. म्हटलं, म्हातारी रसिक आहे. "एकदम शांत, बा. उन्हाळ्यात मात्र दुपारी तापते. मी काही लपवणार नाही."

"तापते म्हणजे? मग काय करता?"

"पाणी मारायचं. दोन बादल्या वरून ओतल्या की थंड."

हरकांतभाईंचा पेला ओठांपाशीच थांबला. तपन खाली मान घालून बसला होता. त्याचे खांदे हलायला लागले होते. मला वाटलं, धुराचा ठसका लागला असेल.

"आणि पावसाळ्यात?" जडीबांनी भीत भीत विचारलं.

"डाव्या अंगाला जराशी ओल येते. बाकी मजबूत. दर दिवाळीला रंग काढतो, त्यामुळे कळून येत नाही."

"रंग!"

"दोन हात. आणि मागच्या बाजूनं थोडी वाढवलीय. पण ते बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही."

"याआधी कुठं बोलणी झाली होती?" हरकांतभाईंचा आवाज आता कोर्टात निघतो तसा निघत होता.

"पुष्कळ जण बघून गेले. एकाचं तर जमतच आलं होतं, पण त्याच्या बायकोनं मोडता घातला."

"बायकोनं?" हरकांतभाई उभे राहिले. झोपाळा हिसका खाऊन मागं गेला आणि जडीबा त्याच्याबरोबर मागं जाऊन परत आल्या. "अहो, तुम्ही मुलीचे लागता तरी कोण?"

"मुलीचे? मी हिचा मालक!"

आता मात्र तपनला राहवेना. तो डोळे पुसत उठला. "पप्पा, बसा. काका घराबद्दल बोलताहेत. मला बादल्यांवरूनच कळलं होतं." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, ज्योत्स्नाबेन कुठं राहतात?"

तेव्हा कुठं मला कळलं, ही मंडळी झंखनाला बघायला आली होती! ज्योत्स्नाबेनचे यजमान गेल्यापासून त्या बाईनं एकटीनं झंखनाला वाढवलं होतं. पोर शाळेत शिक्षिका झाली, आमच्याच अंगणात लंगडी खेळून मोठी झाली. आणि तिचं स्थळ मी माझ्या दिवाणखान्यात बसवून मोडत होतो!

"शेजारी," मी कसंबसं म्हणालो. "पलीकडचं फाटक. हरकांतभाई, झंखनाला ओल नाही. म्हणजे… मुलगी सोन्यासारखी आहे. सत्तावीसच पुरी. तापत नाही. माझ्या गाढवपणाचा राग तिच्यावर नका काढू."

हरकांतभाई मुलाला घेऊन बाहेर पडले. जडीबा मात्र झोपाळ्यावरच राहिल्या. "तुम्ही व्हा पुढं. मला जरा दम खाऊ दे," त्या म्हणाल्या आणि पायानं झोपाळ्याला हलका रेटा दिला. मी अपराध्यासारखा समोर उभा.

"बस की, भाई. स्वतःच्या घरात उभा काय राहिलास? एवढी चांगली वास्तू, तर विकतोस कशाला?"

"नातवाजवळ…" मी सुरुवात केली. पण म्हातारी अशी बघत होती की मला ते वाक्य पुरं करता येईना. 

"बा, माझी बायको या जिन्यावरून पडली," मी म्हणालो. "आता ती पायरीवर पाय ठेवते ना, की माझा श्वास थांबतो. ती वर पोचेपर्यंत मी खाली जिन्याचा कठडा धरून उभा असतो. पेपर वाचायचं सोंग करतो. ती पुन्हा पडली तर मी काय करू? मला साधा चहा करता येतो, तोही ती म्हणते गाळून उपयोग नाही. नातू काय, सुट्टीत येतोच. मला हा जिना नकोय, बा. घर मला काय जड झालंय?"

बोलून टाकलं आणि लक्षात आलं, 'घर' म्हणालो. मनहर सर म्हणाले होते तसंच झालं. गळा दाटला.

मागं भांडं वाजलं. स्वयंपाकघराच्या दारात तरु उभी होती. आमच्या चांगल्या कपबशा न्यायला मागच्या दारानं आली होती. किती वेळ उभी होती, देव जाणे.

"म्हणून पेपर उलटा असायचा का?" ती म्हणाली.

मी जडीबांच्या शेजारी झोपाळ्यावर टेकलो.

"आणि मी समजत होते, यांना या घराचा कंटाळा आलाय. रिटायर झालेला माणूस, नातवासाठी जीव तुटतोय, आपण कशाला आड यायचं! अहो, मला बडोद्यात करमतं का कधी? दुसऱ्या दिवशी तुम्हाला विचारत असते ना, परतीची गाडी कितीची?"

"मग बोलायचं नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

जडीबांनी पायानं झोपाळा थांबवला. "पोरी, निजायची खोली वर आहे म्हणून जिना चढतेस ना?"

"हो, बा."

"मग खाट खाली आणा."

मी तरुकडे बघितलं. तरुनं माझ्याकडे. एवढं व्याख्यान, एवढी गिऱ्हाइकं, आणि आम्हां दोघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. तरु पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी अगरबत्त्या विझवल्या. (माझ्याही डोळ्यांत धूर गेला होता.)

मग तिघंही शेजारी गेलो. मी शेवटून. तिथं वेगळंच चाललं होतं. तपननं सगळी हकीकत सांगून टाकली होती आणि झंखना टेबलावर डोकं ठेवून हसत होती. मला बघून म्हणाली, "प्रद्युम्नकाका, दोन बादल्या आणू का?" हरकांतभाईंच्या मिशीखालीसुद्धा काहीतरी हललं. जडीबांनी झंखनाला जवळ घेतलं आणि लेकाला म्हणाल्या, "हरकांत, जो माणूस गिऱ्हाइकाला स्वतःच्या भिंतीची ओल आपणहून सांगतो, त्याच्या शेजारात फसवणूक नसते. मला पसंत आहे. तपनचं त्यानं सांगावं." तपनला सांगायची गरजच नव्हती. गुरांच्या डॉक्टरचं तोंड इतकं हसरं मी कधी बघितलं नव्हतं.

आम्ही गाठिया खात असतानाच खरी राजकोटची पार्टी आमच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. मी छाती काढून बाहेर गेलो. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला नाही म्हणायचं, म्हणजे चार शब्द वजनदार हवेत.

"माफ करा," मी म्हणालो, "पण चौतीस वर्षं ज्या वास्तूनं आम्हांला सांभाळलं, तिची किंमत होऊ शकत नाही. तुम्ही कितीही आग्रह केलात, तरी मी विकणार नाही."

ते गृहस्थ एकदम खुलले. "वा! बरं झालं बुवा! आम्ही मागच्या गल्लीतलं घर सकाळीच पक्कं केलं. तुम्हांला नाही कसं म्हणावं, हेच गाडीत बोलत होतो."

दुसऱ्या दिवशी तरुनं फोटो परत लावले. दोघा सुतारांना बोलावलं. त्यांनी वरचा पलंग आडवा, उभा, तिरका करून बघितला आणि सांगितलं की हा जिना आधी पाडला तरच पलंग उतरेल. मग बाजारातून एक लहान खाट आणली. झोपाळ्याशेजारी ती अगदी मापात बसली. तरुनं त्या खाटेवर आपली गोधडी अंथरली, उशी ठेवली, आणि खिडकीचा पडदा सारखा केला. खोली सुंदर दिसायला लागली.

"आणि माझी खाट?" मी विचारलं.

"आता इथं जागा कुठाय?" ती म्हणाली. "तुम्ही वर निजा. तसेही घोरता."

तर आता, ज्या जिन्यापायी मी घर विकायला काढलं होतं, तो रोज मी चढतो. पाण्याचा तांब्या, चष्मा आणि उशी सांभाळत, एका हातानं कठडा धरून. आणि जिन्याच्या पायथ्याशी पेपर हातात घेऊन तरु उभी असते.

"हळू! जपून चढा," ती खालून ओरडते. "पडलात तर घर मला विकावं लागेल. आणि मी विकायला काढलं ना, तर ते विकलं जाईल!"