अकरा उड्यांची वॉरंटी

१९९३च्या दिवाळीत कळव्याच्या मीठबंदर कॉलनीतील उत्तम मढवी यांनी खिशात मावणारा, म्हणजे कोटाच्या खिशात मावणारा, परदेशी बनावटीचा सीडी प्लेअर विकत घेतला. उत्तमरावांकडे कोट नव्हता. प्लेअरला लागलेला बोनस हा मूळचा पत्नी जया हिच्या शिलाई मशीनसाठी ठेवलेला होता. परंतु माहितीपत्रकावर ‘चालता-चालता अखंड संगीत’ असे छापले होते आणि उत्तमराव रोज सकाळी स्टेशनपर्यंत चालत जात असत. वर्षाच्या आत दोष सिद्ध झाल्यास पूर्ण पैसे परत मिळणार होते. त्यामुळे शिलाई मशीन गेले नसून एक वर्ष पुढे गेले आहे, असे त्यांनी जयाला समजावले.

पहिल्याच दिवशी गाणे अकरा ठिकाणी तुटले. दुसऱ्या दिवशीही अकरा. बटण कॉलनीच्या फाटकाशी दाबायचे आणि चालीचा वेग ठरलेला, त्यामुळे रोज तेच शब्द गळत. काही महिन्यांत उत्तमरावांना भावगीतांची ती तबकडी गाळलेल्या जागांसकट पाठ झाली. अंघोळ करताना ते ‘चांदणे’ म्हणून थांबत आणि थेट ‘विसरलीस ना’वर येत. मधे काय होते, हे त्यांना ठाऊक नव्हते.

ठाण्याच्या अधिकृत सेवा केंद्रातील तंत्रज्ञ देवराम यांनी प्लेअर टेबलावर ठेवून तासभर वाजवला आणि कार्डावर ‘दोष आढळला नाही’ असा शिक्का मारला.

“अहो, मी टेबलावर बसून ऐकत नाही. मी चालतो तेव्हा तुटतं.”

“मग चालण्याची तक्रार म्हणा ना, भाऊ. तिचा फॉर्म वेगळा.” देवरामांनी तो काढला. “वॉरंटी समतल रस्त्याला आहे. तुमचा रस्ता समतल असल्याचा दाखला आणा.”

उत्तमराव फॉर्म घेऊन बाहेर पडले. मीठबंदर रोडवर खड्डे होते, आणि त्यांच्या मधून मधून रस्ता होता.

पालिकेच्या पथ सुस्थिती कक्षातील कलावतीबाईंनी मात्र डोके वर न काढता दाखला लिहून दिला. दप्तरी नोंदीनुसार १९८९पासून त्या रस्त्यावर एकही खड्डा नव्हता.

“इतक्या लवकर?” उत्तमराव म्हणाले.

“खड्डे आहेत असं लिहून हवं असतं तर सहा महिने लागले असते.”

आता रस्ता निर्दोष ठरला होता, म्हणजे दोष प्लेअरचाच. उत्तमराव विजयी मुद्रेने ठाण्याला गेले. देवरामांनी दाखला वाचला, फाइलला लावला आणि सांगितले, “या व्हरांड्यात मापाच्या फरश्या आहेत. हेडफोन लावा आणि स्टेशनला जाताय असं समजून चाला. वीस फेऱ्या.”

उत्तमराव चालू लागले. देवराम खडू घेऊन मागे. दर वेळी गाणे तुटले की उत्तमराव हात वर करीत आणि देवराम फरशीवर फुली मारीत. अकरा फुल्या झाल्या.

“बघा! सपाट फरशीवर तुटतंय!”

“भाऊ, तुम्ही उडी मारताय.”

“कोण, मी?”

“अकरा वेळा. या सहाव्या फुलीपाशी काय येतं तुमच्या रस्त्यात? इथे डावीकडे मोठी उडी आहे.”

तिथे किराणा दुकान येत असे, आणि दुकानापुढे रस्त्यातला सर्वांत मोठा खड्डा. खुलासा साधा आहे. तबकडीवर लेझरचा किरण एका अतिसूक्ष्म ओळीने चालतो. धक्का बसला की ओळ सुटते. किरणाला रस्ता दिसत नाही. उत्तमरावांनाही तो सात वर्षांपासून दिसेनासा झाला होता. पाय आपले आपण पाहून घेत. देवरामांनी शेरा लिहिला : ग्राहकाच्या चालीत दोष. वॉरंटी लागू नाही.

घरी हे ऐकून जया भिंतीला टेकून हसली. “तुम्ही सगळेच उडता. आपल्या वरातीत पंपापाशी अख्खी वरात एकदम उडाली. मला वाटलं, तुमच्यात रीत असेल.”

“अगं, मग सांगायचं नाहीस?”

“नव्या सुनेने रीत विचारायची का?”

तिचे माहेर टिटवाळ्याचे. ती खाली बघून चाले, आणि खड्डा असला तरच वळे.

दरम्यान कलावतीबाईंच्या दाखल्याची प्रत वरिष्ठांकडे पोहोचली होती. पाच वर्षे खड्डेमुक्त राहिलेला रस्ता पाहायला बाहेरगावचे शिष्टमंडळ येणार असे ठरले आणि दोन दिवसांत मीठबंदर रोड आरशासारखा झाला. वॉरंटीचा शेवटचा आठवडा होता. उत्तमरावांनी फाटकाशी बटण दाबले. अकरा वेळा तुटले. त्यांच्या पुढे-मागे सारी कॉलनी त्या गुळगुळीत डांबरावर ठरल्या जागी उडत होती. शिष्टमंडळाने ही व्यायामाची योजना समजून तशी नोंद केली.

शेवटच्या दिवशी जयाने हेडफोन स्वतःच्या कानाला लावले आणि ती देवरामांसमोर वीस फेऱ्या चालली. एकदाही तुटले नाही. देवरामांनी अंतिम शेरा लिहिला : यंत्र निर्दोष. योग्य व्यक्तीकडे द्यावे.

तेव्हापासून प्लेअर जयाचा. संध्याकाळी ती खाडीकडे फिरायला जाते. उत्तमराव शेजारून चालतात, मधेच उडतात, आणि विचारतात, “‘चांदणे’नंतर काय आहे गं?”

“थांबा हो, संपू दे. तुमच्यामुळे माझं तुटेल.”

मीठबंदरच्या लोकांना वाचक हसले असतील, तर हरकत नाही. हसून झाल्यावर उठून पाणी प्यायला जावे. मोरीच्या दारातली हलणारी फरशी, जिच्यावर घरातले कोणी पाय देत नाही, ती गेल्या वर्षीच गवंडी बोलावून पक्की बसवून घेतली होती ना?