कूलरमधला माणूस

मैनाबाईंपासून काही लपून राहिलंय, असं हुडकेश्वरात आजवर घडलं नव्हतं! सारा जन्म हातमागाच्या खटखटीत गेलेला. भिंतीपलीकडे कोणाचा धोटा अडकला, कोणाचा धागा तुटला, हे त्या नुसत्या आवाजावरून सांगत. माग गेले, कान राहिले. अशा बाईच्या घरात मे महिना उजाडूनही कूलर लागू नये, म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं!

नागपूरचा माणूस एक वेळ उपाशी राहील, पण होळीनंतर बिनकूलरचा राहणार नाही. अन् त्यांचा एकुलता एक भूपेश दोन महिन्यांपासून एकच पालुपद लावून बसला होता, "आई, कूलरच्या ताट्यांत गवत भरायचं आहे." गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानातून आला, की हा मागच्या खोलीत. कूलरही तिथेच. अन् दाराला आतून कडी!

आज तर हद्दच झाली. तेहतीस वर्षांच्या भूपेशला एकवीस ठिकाणांहून नकार आलेला. बाविसावी मयुरा, कळमेश्वरची. दोन महिने दोघांचे फोनवर नुसते बोलके निरोप चालले होते, अन् आज चार वाजता ती वडिलांना घेऊन येणार होती. बैठक झाली की सुपारी फुटणार! अशा दिवशी नवरदेव भर दुपारी दोन रजया काखेत मारून खोलीत शिरला. बाहेर पारा पंचेचाळीस!

मैनाबाईंनी दाराला कान लावला. आतून विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज आला, "ये... लवकर ये... मी वाट पाहतो आहे..."

त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. हा आवाज भूपेशचा नव्हता! हा पन्नाशीचा, आडव्या अंगाचा, मिशीवाला माणूस. त्याची मिशीसुद्धा त्यांना आवाजात ऐकू आली. तेच वाक्य पुन्हा आलं, पुन्हा आलं, सात वेळा आलं.

त्या धावत शेजारच्या कौसल्याबाईंकडे गेल्या.

"कौसल्या, पोट्टा रजया घेऊन खोलीत शिरला, अन् आत कोणी माणूस आहे वं! एकच मंतर म्हणून राहिला!"

"माय वं! बुवा असन! अन् रजया किती?"

"दोन नेल्या."

"मंग झालंच! रजई पांघरूनच अंगात आणतात."

हे शास्त्र कौसल्याबाईंनी उभ्याउभ्या तयार केलं होतं, पण मैनाबाईंना ते पटलं. दोघी दार वाजवायला निघाल्या, तोच फाटकाशी ऑटो थांबला. पाहुणे तासभर आधीच हजर! कौसल्याबाई आल्या पावली परत फिरल्या.

मयुरा आणि तिचे वडील बबनराव पंख्याखाली बसले. पंखा गरम वारा फेकत होता. बबनरावांनी घाम पुसला.

"कूलर नाही?" घराला छप्परच नाही, अशा सुरात त्यांनी विचारलं.

मैनाबाई उत्तर जुळवत होत्या, तेवढ्यात मागून आवाज आला, "ये... लवकर ये..."

"आत कोण आहे?"

"कोणी नाही! पोट्टा बाहेर गेला, घरात मी एकटीच."

"मंग हा पुरुष कोण आहे बाई?"

बबनरावांची नजर भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोवर गेली, मग हळूच मैनाबाईंवर आली. ते काय समजले, हे मैनाबाईंना समजलं. साठाव्या वर्षी ही पाळी! त्यांना भुई दुभंगेल तर बरं असं झालं.

तेवढ्यात मयुराचा फोन टिंग वाजला. तिनं बोट लावलं. "ये... लवकर ये... मी वाट पाहतो आहे..."

मयुरा लाजली. "बाबा, हे तर भूपेशच आहेत! रोज असेच निरोप पाठवतात."

इथं मैनाबाई गप्प बसल्या असत्या तर सारं निभावलं असतं. पण त्यांच्या कानाच्या इभ्रतीचा प्रश्न होता!

"शक्यच नाही! माझ्या पोराचा आवाज नाहीच हा! त्याले तर फोनवर लोक ताई म्हणतात!"

बबनराव ताडकन उठले. "म्हणजे? दोन महिने माझ्या पोरीशी बोलून राहिला तो कोण?"

त्यांनी दाराला खांद्यानं धक्का दिला. कडी जुनीच होती, तुटली. आत बुवा नाही, धुनी नाही. ताट्या काढलेला कूलर, त्यावर दोन रजया, अन् रजयांखालून बाहेर आलेले दोन पाय. पाय मागे सरकले. घामानं निथळणारा, बनियनवरचा भूपेश फोन घेऊन बाहेर आला.

"आई, आवाज नको ना करू! रेकॉर्डिंग खराब होते!" तो किनऱ्या आवाजात म्हणाला. मग त्याला मयुरा दिसली.

खाली मान घालून त्यानं सारं कबूल केलं. कूलर धुताना त्यानं पहिला निरोप आतूनच बोलून पाठवला होता. पत्र्यात आवाज घुमला. मयुराचं उत्तर आलं, "किती भारदस्त आवाज आहे तुमचा!" मग कशाचं गवत अन् कशाच्या ताट्या!

"चाल मयुरा," बबनराव म्हणाले. "आवाज खोटा, तर माणूस काय खरा असन!"

मैनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बाविसावं ठिकाण त्यांनी स्वतःच्या तोंडानं घालवलं होतं.

मयुरा मात्र हलली नाही. "थांबा बाबा," ती म्हणाली, अन् तिच्या आवाजानं खिडकीची काच थरथरली. "दोन महिने मले एकच धास्ती होती. इतक्या भारी आवाजाच्या माणसाशी भांडणात माझा निभाव कसा लागन? भूपेश, तुम्ही जरा ओरडून दाखवा बरं."

भूपेशनं डोळे मिटले, मुठी आवळल्या अन् जीव खाऊन ओरडला, "मयुरा!"

"हो, पण जोरानं ओरडा ना."

भूपेश धापा टाकत म्हणाला, "जोरानंच होतं ते."

मयुरा खुर्चीत ऐसपैस बसली. "बाबा, सुपारी काढा!"