शिवाआण्णाची ओरिजिनल जोडी

शिवाआण्णा ट्रान्झिस्टरचं वजन सोनाराकडं करून घेतो. थट्टा नाही. शाहूपुरीतलं रेडिओ-दुरुस्तीचं दुकान उघडं टाकून, खिशात दोन बोटांएवढा पार्ट घेऊन हा माणूस सराफांच्या गुजरीत जातो आणि सोन्याच्या काट्यावर तो ठेवायला लावतो. "ओरिजिनल असंल तर जड भरतंय. डुप्लिकेट म्हंजे नुसता पत्रा!" सोनार आता बाकीच्या गिऱ्हाइकांआधी त्यालाच मोकळं करतो. बला टळते.

माझं झेरॉक्सचं दुकान त्याला लागूनच, हे माझं नशीब. त्याच्या दुकानाची राखण वीस वर्षं मीच करतोय. आला म्हणेपर्यंत हा गेलेला असतो. एका जागी पाच मिनिटं बसला तर कुणीतरी फोटो काढून ठेवावा. नवा पार्ट आला की आधी अंगठ्यानं त्याच्यावरची अक्षरं घासणार. शाई निघाली की झालं! "रंगवलाय बघ बेण्यानं!" मग करवतीनं त्याचं टोपण उडवणार आणि आतला तुकडा माझ्या मशिनच्या काचेवर आणून ठेवणार. "ह्यो बघ. आत मोहरीएवढा जीव, आणि वर नाव पैलवानाचं!" काचेला चरे पडले, त्याचं त्याला काही नाही.

यंदा मात्र त्याच्या या वेडानं माझ्या तोंडचं पाणी पळालं. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, पन्हाळ्याकडच्या आमच्या गावच्या जत्रेत चाळीस वर्षं कुस्त्या पुकारायचे. वय झालं, बंद केलं. यंदा गावानं गळ घातली, शेवटची मोठी कुस्ती तुम्हीच पुकारा. आबा तयार झाले, पण अट घालून. "माझ्याच मशिनवर." झालं, त्यांचं जुनं ॲम्प्लिफायर माळ्यावरून उतरवलं, चालू केलं, तर भसकन धूर! जत्रा पंधरा दिवसांवर. मी ते शिवाआण्णाच्या पदरात टाकलं.

"आबांचा आवाज डुप्लिकेट पार्टावर? जमणार न्हाय, संजा. मैदानात आवाज फाटला तर लोक आबास्नी हासतील. पार्टाला कोण हासतंय?"

मग त्याची पळापळ सुरू झाली. सांगली झाली, इचलकरंजी झाली, हातकणंगल्यात दुकान बंद करून घरी बसलेल्या एका रेडिओवाल्याच्या ट्रंका उपसून झाल्या. ट्रान्झिस्टरची जोडी आणायची, बसवायची, मला माईकमध्ये बोलायला लावायचं, की याच्या कपाळाला आठ्या. "फाटतोय."

"अहो आण्णा, चांगला येतोय की!"

"तू झेरॉक्सवाला. तुला नकलंचीच सवय."

घ्या! मी मनातल्या मनात त्याला ठेवणीतल्या शिव्या घातल्या. चार जोड्या झाल्या. चारही सोनारानं पास केलेल्या. आणि जत्रा उद्यावर आली.

शनिवारी दुपारी मी आबांनाच रिक्षात घालून दुकानात आणलं. म्हटलं, तुमचं तुम्ही बघा. पाचवी जोडी बसवून झाली होती. आबा माईकसमोर बसले, खाकरले. ऐकताना शिवाआण्णा मशिनकडं बघत नाही. तो रस्त्याकडं तोंड करून दारात उभा राहिला. मी बटण दाबलं आणि नेमकी लाईट गेली. पंखा थांबला. आबांना त्याचं काय! त्यांनी ललकारी ठोकली. "मंडळी, आता मैदान शांत! एक नंबरची कुस्ती लागतीया!" माईक मेलेला, मशीन मेलेलं. नुसता आबांचा गळा, म्हातारा पण खणखणीत.

"फाटतोय!" शिवाआण्णा दारातनंच ओरडला. "ही जोडीबी डुप्लिकेट निघाली!"

तो वळला. मशिनचा विझलेला दिवा त्यानं बघितला. थांबलेला पंखा बघितला. मग माझ्या तोंडाकडं बघितलं. त्याला सगळं समजलं.

आबांनी हळूच, पण जवळ जाऊन विचारलं, "शिवा, कवापासनं?"

"दिवाळीपासनं." तो खाली बघत म्हणाला. "घरातलीबी समदी फाटकीच बोलाय लागली. ह्यो संजाबी. मला वाटलं, पार्टच आसंल. पार्ट बदलता येतोय की, आबा."

मला भयंकर लाज वाटली. पंधरा दिवस हा माणूस जिवाच्या आकांतानं धावत होता आणि मी त्याला वेड्यात काढत होतो.

"उद्या मशीन घेऊन तूच यायचं," आबा त्याच्या कानाशी म्हणाले. "ऐकायला गाव हाय. तू माझ्या शेजारी बस."

जत्रेत तो आबांच्या खुर्चीमागं उकिडवा बसला. तापतंय का ते बघायला तळहात मशिनवर दाबून. आबांनी दोन्ही पैलवानांची नावं पुकारली. मग थांबले, आणि म्हणाले, "आणि ही माझी हाक तुमच्यापत्तूर पोचीवणारा माझा शिवा!" मैदानानं टाळ्यांचा कडकडाट केला. शिवाआण्णा दचकून माणसांकडं बघायला लागला. मला खुणेनं बोलावलं.

"आबा काय म्हणालं रं?"

"तुमचं नाव घेतलं, आण्णा!" मी ओरडून सांगितलं.

त्याचे डोळे भरून आले. तळहात काही मशिनवरनं हलला नाही.

"फाटलं न्हाय न्हवं?"

"न्हाय, आण्णा. लख्ख आलं."