शांतवनकाकांची रांग

आमच्या चर्चमध्ये कुणाची पापकबुली किती लांबणार, हे शांतवनकाकांना माणूस फाटकातून आत येतानाच कळतं.

नाताळच्या आधी कबुलीला रांग लागली, की हे घंटा वाजवणारे काका बाकांच्या कडेला उभे राहतात. "रूथबाई, तुमचं थोडक्यातलं हाय, व्हा पुढं. दाविद, तू बस मागं. तुझं लांबायचंय."

दाविद खवळतो, "तुमाला काय म्हाईत?"

"तोंडावर हाय की, बे!"

ज्याचं उरकलं त्याला लगेच बाहेरची वाट. "जा, घरी करंज्या करपत्यात."

मी इथला फादर. घाटनांदूरजवळचं हे गाव, निजामाच्या काळातलं दगडी चर्च. काकांच्या आज्यानं त्याचे दगड वाहिले, म्हणून काकांना ते घरचंच वाटतं. समोरचे किराणावाले अप्पा काकांच्या घंटेवर दुकान उघडतात; जरा उशीर झाला तर ओरडून विचारतात, "शांतवन, आज देव झोपला का रे?"

कबुलीच्या लाकडी खोलीला काका 'कपाट' म्हणतात. कपाटातलं मी कुठं बोलत नाही, आणि त्या सवयीनं बाहेरचंही बोलायचं राहून जातं. हे मात्र सगळं कपाटाबाहेरचं आहे.

काका स्वतः कधी आत येत नसत. मुलगा भांडून पुण्याला निघून गेला, तेव्हापासून नाही. मी बोलावलं की म्हणत, "माझं लई लांबायचंय, फादर. लाईन खोळंबंल."

एकदा मी चिडलो. "काका, माणसं येतील तशी सोडा. हे काय एसटी स्टँड आहे?"

ते खाली बघत म्हणाले, "भाईरची लोकं घड्याळ बघत्यात, फादर. कुणी जास्त येळ बसलं की गावभर व्हतं, कायतरी मोठं हाय. म्हून लांबणारी मागं ठिवतो. तवर बाकं रिकामी व्हत्यात."

इतकी वर्षं आत बसून मला ते घड्याळ दिसलं नव्हतं. अजून टोचतं.

गेल्या नाताळात दाविदही उरकून गेला. मी पडदा सारून विचारलं, "कोण राहिलं?"

"कुणी न्हाई." काका टोपी हातात घेऊन उभे होते. "मीच हाय."

अंगणात कागदी चांदण्या टांगणाऱ्या बायका आत डोकावत होत्या. मी उठून दारापाशी गेलो. "जा बायांनो, घरी करंज्या करपतायत," म्हटलं, आणि दार ओढून घेतलं.

काका काय बोलले ते मी सांगणार नाही. किती वेळ लागला, तेही नाही.