टोपीवरचा शंभरावा

"आज पक्षी मला ओळखणारच नाहीत," काका आरशासमोर उभं राहून म्हणाले. ते खरंच होतं. काकूंनीसुद्धा त्यांना ओळखलं ते चपलांवरून.

काकांची उभी हयात नकाशे काढण्याच्या नोकरीत गेलेली. त्यामुळे त्यांचं वेषांतरही मोजूनमापून. शेवाळी शर्ट, गुडघ्यापर्यंत मोजे आणि जुन्या टोपीला सुतळीने शिवलेल्या सोळा डहाळ्या. डहाळ्या टोचू नयेत म्हणून टोपीच्या आत चौपदरी नॅपकिन. दुरून पाहिलं तर एखादं झुडूप चष्मा लावून निघालंय असं वाटावं.

एवढा खटाटोप एका पक्ष्यासाठी. पक्षी मंडळाच्या वहीत काकांच्या नावावर नव्याण्णव पक्षी होते. ज्याचे शंभर आधी होतील त्याचं नाव मंडळाच्या खोलीत पितळी पाटीवर लागणार होतं, आणि सभा होती उद्या. त्यातून मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे गल्लीतले दंतवैद्य, तेही नव्याण्णवावरच अडकलेले.

"त्या दातवाल्याच्या आधी मला तिबोटी खंड्या दिसला पाहिजे," काका म्हणाले. "ओढ्यावर आलाय. चल, तूही चल. मंडळात न बोलणारं माणूस मिळत नाही."

काकूंनी मान डोलावली. रोज सकाळी आठपर्यंत त्यांचं मौन असे. अकरा वर्षांत ते एकदाही मोडलं नव्हतं. मागे दूध उतू गेलं तेव्हासुद्धा त्यांनी पातेल्यावर उलथनं बडवून काकांना बोलावलं होतं. लिहून दाखवणं ही पळवाट, म्हणून तेही बंद. हातवारे तेवढे चालत. या महिन्यात तर हे मौन त्यांनी काकांच्या नावाने धरलं होतं. 'शंभरावा येऊ दे,' एवढंच त्यांनी देवाकडे मागितलं होतं.

ओढ्याकाठी काका एका ओंडक्यावर बसले. समोर काकू. काकांनी ओढ्याचा नकाशाच काढून आणला होता. खंड्या बसू शकेल अशा चौदा जागांवर लाल खुणा. दुर्बीण डोळ्यांना लावून ते एकेक खूण तपासू लागले. अर्धा तास हूं नाही की चूं नाही.

सात वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी तो आला. निळी पाठ, पिवळंधमक पोट, तांबडी चोच. मुठीत मावेल एवढा जीव. नकाशातल्या चौदाही जागा सोडून तो थेट काकांच्या टोपीवरच्या पुढच्या डहाळीवर बसला.

काकूंनी हळूच आपल्या डोक्याकडे बोट दाखवलं.

"डोकं दुखतंय?" दुर्बिणीच्या कडेने पाहत काका कुजबुजले. "पिशवीत बाम आहे."

काकूंनी जोरात मान हलवली आणि दोन्ही कोपरं पंखांसारखी फडफडवली.

"उकडतंय होय? जरा दम धर. एवढी सकाळ मी वाया घालवणार नाही."

तेवढ्यात खंड्याने पाण्यात सूर मारला, चोचीत मासा धरला आणि पुन्हा मूळ जागी, म्हणजे काकांच्या डोक्यावर, येऊन बसला. मग त्याने तो मासा डहाळीवर आपटायला सुरुवात केली. टप. टप. टप.

"झाडावरून फळं पडतायत वाटतं," दुर्बीण न हलवता काका म्हणाले.

काकूंनी घड्याळ पाहिलं. सात बावन्न. बोलावं तर अकरा वर्षांचं मौन जाणार आणि आवाजाने खंड्याही. न बोलावं तर यांची पाटी जाणार. त्यांनी देवाचं नाव घेऊन दोन्ही हात जोडले आणि डोळ्यांनी वर, वर, वर अशी खूण केली.

"आत्ता कसली प्रार्थना?" काका वैतागले. "आधी पक्षी येऊ दे."

पाऊलवाटेवरून अध्यक्ष येत होते. काकांच्या टोपीकडे नजर गेली आणि त्यांचा जबडा असा पडला की त्यांच्याच दवाखान्यात त्यांना खुर्चीवर बसवलं असतं. त्यांनी कॅमेरा वर केला. खटाखट फोटो झाले.

"काका, अजिबात हलू नका," ते दबक्या आवाजात म्हणाले.

हलू नका म्हटल्यावर न हलणारा माणूस त्यांनी उभ्या धंद्यात पाहिला नव्हता. काकाही गर्रकन वळले. "कुठाय? कुठाय?"

निळी रेघ मागच्या मागे झाडीत गेली. दूर कुठेतरी आठचे टोल पडले.

"अहो, डोक्यावर होता," काकू म्हणाल्या.

काकांनी टोपीवर हात नेला. हातात मासा आला, अजून वळवळणारा.

त्यांनी मासा ओढ्यात सोडला, ओंडक्यावर बसकण मारली आणि अध्यक्षांकडे पाहिलं. "तुमच्याकडे फोटो आहे, माझ्या हाताला वास आहे. नोंद करा."

अध्यक्षांनी हळहळून खिशातली नियमावली काढली. "नियम सातवा. 'पक्षी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असावा. फोटो, पिसे, विष्ठा व ऐकीव माहिती ग्राह्य धरली जाणार नाही.' काका, हा तुम्हीच लिहिलाय. माझं घुबड बाद करायला."

काकांनी नियमावली हातात घेऊन आपलीच ओळ पुन्हा वाचली. मौन काय असतं ते त्यांना त्या क्षणी कळलं.

"तुमचे मात्र शंभर झाले," नियमावली परत देत ते म्हणाले.

"झाले," अध्यक्ष ओशाळून म्हणाले. "तुमच्या डोक्यावर. आणि काकूंचा एक झाला. वहीत त्यांचं पान उघडावं लागेल."

मंडळाच्या खोलीत आता अध्यक्षांच्या नावाची पितळी पाटी आहे. तिच्याखाली फोटो, आणि त्याखाली सुबक अक्षरांत ओळ: 'तिबोटी खंड्या. खाली: काका.' अक्षर काकांचंच. मंडळात नकाशासारखं वळण दुसऱ्या कुणाला येत नाही.

ओढ्यावरून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काका काकूंच्या उशाशी येऊन बसले. "अगं, पोट नेमकं कसं पिवळं होतं? लिंबासारखं की केळ्यासारखं?"

काकूंनी घड्याळाकडे बोट दाखवलं आणि डोळे मिटले. मागण्यात आपलीच चूक झाली होती, हे त्यांना रात्रीच उमगलं होतं. 'येऊ दे' म्हटलं, तो आला. यावेळी त्यांनी मनातल्या मनात सावकाश, एकेक शब्द तोलून मागितलं: शंभरावा येऊ दे, यांच्या समोर बसू दे, आणि जमलं तर आठनंतर.