तीन नंबरचं पुडकं

धाकट्या बहिणीच्या, शामलाच्या, लग्नातल्या मानाच्या आहेरांची यादी कागदावर नाही, कॉम्प्युटरवर करायची, असं बळीरामनं ठरवलं. ठरवलं ते जेवताना, तिसरी पोळी पानात पडायच्या आत. एवढ्या वेळात शहाणा माणूस ताकात मीठ घालायचं की नाही हेसुद्धा ठरवत नाही.

साल सत्त्याऐंशी. बळीरामच्या कचेरीत नुकताच कॉम्प्युटर आला होता. पंधरा दिवसांचं शिक्षण कोण घेणार, असं साहेबानं विचारलं, तेव्हा सगळे बाबू टेबलाखाली काहीतरी शोधू लागले. बळीरामला वाकायला उशीर झाला, म्हणून त्याची निवड झाली. (घरी सांगताना मात्र 'साहेबानं अख्ख्या कचेरीत माझ्यावरच बोट ठेवलं' असं.) पंधरा दिवसांत त्याची मान अशी ताठ झाली, की बायकोनं, पुष्पलतानं, एकदा तेल लावून चोळून दिली. तिला वाटलं, लचकली.

आता आहेर म्हणजे काय खेळ नव्हे. शामलाचे सासरे रामाजी यांच्या घराण्यातली माणसं रागाला फार हलकी. रामाजींची मोठी बहीण रंभाबाई एका लग्नात साडीचा काठ अरुंद निघाला म्हणून भरल्या पानावरून उठली होती. तिच्यामागं वरात उठली आणि ते लग्न मोडलं ते मोडलंच. म्हणजे इथं एक पुडकं चुकलं, तर शामला हळद लावलेली घरी राहणार. एवढं ठाऊक असून बळीरामला मशीन सुचली.

आजवर घरातले आहेर पुष्पलताच्या डोक्यात असत. पुडकं नुसतं हातात घेतलं की कोणाचं, ते तिला कळे. आणि मानाची उतरती यादी सांगायला सासूबाई पार्वतीबाई होत्याच. कोण आधी, कोण मागून, कोणाच्या आज्यानं कोणाला पाणी विचारलं नव्हतं, सगळं तोंडपाठ.

"हे पाय माय," बळीराम आईला समजावू लागला. "हा पयला तक्ता. याच्यात नंबर आन माणसाचं नाव. हा दुसरा तक्ता. याच्यात नंबर आन पुडक्यात काय आहे ते. दोन्हीकडचा नंबर एकच. मशीनले म्हटलं जोड, का ते नंबराले नंबर लावते आन तिसरी यादी काढून देते. नाव आन आहेर, शेजारी शेजारी."

"म्हंजे दोन जागी लिहायचं आन तिसऱ्या जागी वाचायचं?"

"हो."

"मंग एकाच जागी काहून नाही लिहत गा?"

बळीरामनं डोळे मिटले. शिक्षणात हाच प्रश्न त्यानं स्वतः विचारला होता. उत्तर मिळालं होतं, पण ते इंग्रजीत.

"माय, तुले नाही समजायचं."

"बरं बाप्पा," पार्वतीबाई म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून सुपारी कातरू लागल्या. ती सुपारी त्यांनी फार बारीक कातरली.

नावं त्यांनीच सांगितली, मानाच्या क्रमानं. पहिले रामाजी, दुसऱ्या विहीणबाई कौशल्या, तिसरे रामाजींचे थोरले भाऊ बापूजी, चौथ्या विहीणबाईंची बहीण इंदूबाई, पाचवा त्या घरचा मोठा जावई नत्थू, सहावं नत्थूचं तान्हं बाळ. असं करत करत एकोणिसावा घोडीवाला कवडू, आणि विसावा, बँड वाजवून शेवटी ज्याचं नाव पुकारायचं तो नवरदेव ओमप्रकाश. पुष्पलतानं धरमपेठेच्या बाजारातून खरेदी आणली, खाकी कागदात बांधली. बळीरामनं निळ्या पेन्सिलीनं पुडक्यांवर एक ते वीस आकडे घातले. नाव नाही, काही नाही, नुसता आकडा. "नाव मशीन सांगंल," म्हणाला.

लग्नाला चार दिवस उरले आणि रामाजींचा निरोप आला. बाकी काही कमी-जास्त झालं तर चालेल, रंभाबाईकडं तेवढं लक्ष असू द्या.

पुष्पलता एकदम उठून बसली. "अहो, रंभाबाई यादीत कुठी आहे?"

रंभाबाई यादीत नव्हतीच. सगळ्यांनी पार्वतीबाईंकडं पाहिलं. पार्वतीबाईंनी कूलरकडं पाहिलं.

"राहिली असंल," त्या म्हणाल्या.

घोडीवाल्याचं नाव आठवणाऱ्या बाईला व्याह्याची बहीण कशी आठवली नाही, हे बळीरामला विचारता आलं असतं. पण त्याला आनंदच झाला. मशीनचा खरा चमत्कार दाखवायची वेळ आली होती.

"घालतो ना तिचं नाव. त्यात काय!"

"खाली, शेवटी?"

"शेवटी कशी घालू? घोडीवाल्याच्या मागं रंभाबाई? मांडव जाळंल ते! मधात घालतो, विहीणबाईच्या खालती. तीन नंबरावर."

"आन खालचे?"

"ते सरकतात आपोआप. बापूजी चार, इंदूबाई पाच. मशीनच सरकवते सगळ्यायले."

पुष्पलता हातातलं निवडणं थांबवून म्हणाली, "उतरंडीत मधात एक मडकं घातलं, तं सारी उतरंड हालते. मंग पुडक्यायचे नंबर?"

"पुडक्यायचा काय संबंध?" बळीराम हसला. असं हसला, की शेजारच्या घरातल्या बाईनं खिडकीतून डोकावून पाहिलं. "तो तक्ता येगळा, हा येगळा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं मशीनला सांगितलं, मध्ये ओळ घाल. मशीननं घातली. मशीन गरीब असते, सुनेसारखी, सांगितलं तेवढं करते. मग सांगितलं, जोड. जोडलं. खर्र खर्र करत दोन्ही काठांना भोकं असलेला लांबच लांब कागद बाहेर आला, ताज्या पापडासारखा. बळीरामनं तपासणीसुद्धा केली. (तो काही अगदीच हा नव्हता.) छापून आलेल्या ओळी वीस. घरातली पुडकी वीस. टॅली! एक नाव वाढवल्यावर ओळी एकवीस व्हायला पाहिजेत, हे पहिलीतल्या पोरालाही सुचलं असतं. पण पहिलीतल्या पोराचं कॉम्प्युटरचं शिक्षण झालेलं नसतं.

"आन रंभाबाईची साडी आणाची आहे ना?" पुष्पलतानं घरी विचारलं.

"आणाची कायले? पाय, तिच्या नावापुढं तीन नंबरचं पुडकं छापून आलं. जागा रिकामी आहे का? नाही. म्हंजे आहे."

पुष्पलताला इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. बळीरामला येत होती, पण कागद रुंद पडला म्हणून त्यानं पुडक्यात काय आहे तो रकाना मागं दुमडून टाकला होता. नंबर पाहून त्यानं एकेका पुडक्यावर नावाची चिठ्ठी डकवली आणि हात झटकले.

लग्न गोरजावर होतं. त्याआधी मांडवात आहेर. चारी कोपऱ्यांत कूलर घरघरत होते आणि माणसं तरी भिजली होती. बळीराम कोसा रेशमाच्या रंगाचा कोट घालून माईकसमोर उभा राहिला. मे महिन्यात कोट! पण कॉम्प्युटरची यादी सदऱ्यावर वाचणं त्याला बरं वाटेना.

"नंबर एक, रामाजी!" रामाजींनी पुडकं सोडलं. धोतरजोडी. सगळ्यांना दाखवली. छान.

"नंबर दोन, कौशल्याबाई!" पैठणी. काठ वीतभर. विहिणीच्या चेहऱ्यावर कळ्या फुलल्या. बळीरामनं पुष्पलताकडं तिरप्या नजरेनं पाहिलं. पाहिलंस?

"नंबर तीन, रंभाबाई!"

रंभाबाईनं पुडकं सोडलं आणि बोललीच नाही. उभ्या जन्मात ही बाई प्रथमच गप्प बसली होती. बळीरामला वाटलं, गहिवरली. तो पुढं वाचत सुटला, मान वर करायचं नाव नाही. चार, पाच, सहा, सात, आठ... वाचता वाचता त्याचा आवाज चढत गेला आणि मांडवातला आवाज त्याच्याही वर चढत गेला. तो त्याला वाहवा वाटली.

"नंबर वीस, कवडू घोडीवाला! झाले आहेर!"

बँडवाल्यांनी उगीच एकदा ढोल बडवला.

मग रंभाबाई उठली. एका हातात धोतर, दुसऱ्या हातात गुलाबी पटका.

"बळीरामबुवा, हे मी नेसू का बांधू?"

"मले पाहा, मले!" पंच्याहत्तर वर्षांचे बापूजी थरथरत पुढं आले. त्यांच्या हातात मोरपंखी साडी आणि वर डझनभर बांगड्या. "या वयात हे काय देऊन राहिले गा मले?"

इंदूबाईच्या मांडीवर सफारीचं कापड होतं. नत्थू जावई तर बोलण्याच्या पलीकडं गेला होता. त्याच्या बोटावर लोकरीचं टोपरं लटकत होतं, आणि त्याच्या तान्ह्या बाळाच्या मुठीत चांदीची तंबाखूची डबी.

"माया पोराले तंबाखू?" नत्थूची बायको किंचाळली.

"अरे, पण नवरदेवाचं काय?" कोणीतरी ओरडलं.

नवरदेवाचं काही नव्हतंच. ओमप्रकाशचं नाव यादीत आलं नव्हतं. तो एकविसावा झाला होता आणि पुडकी होती वीस. एकवीस नंबराला जोड मिळेना, म्हणून मशीननं नवरदेवाला गुपचूप गाळून टाकलं होतं. त्याचा सूट आणि घड्याळ कवडूच्या पदरात पडलं होतं.

ओमप्रकाश बाशिंग सरळ करत उठला. "बाबा, चला. या घरची पोट्टी आपल्याले नाही पाहिजे. घोडी आणा!"

घोडी कुठली आणतात? कवडूनं मनगटावर घड्याळ बांधलं, सूट काखेत मारला आणि दिलेलं परत मागायच्या आत घोडी घेऊन निघून गेला होता. नवरदेवाला रुसून जायचं तर पायी जावं लागलं असतं, आणि बाहेर डांबर वितळत होतं. तो पुन्हा खाली बसला. पण तोंड फिरवून बसला. आतल्या खोलीत शामला मुंडावळ्या बांधून हे सगळं ऐकत होती.

"एक ओळ सरकली, बस!" बळीराम माईकवर सांगू लागला. कोटाच्या आत त्याचा भात शिजत होता. "मशीनची काही चुकी नाही. ते सांगितलं तेच करते."

"मंग सांगणारा कोण होता?" रामाजींनी विचारलं.

याचं उत्तर दोन्ही तक्त्यांत नव्हतं.

पुष्पलता पदर खोचून आली. नवऱ्याच्या हातातला माईक तिनं कढईतला झारा घ्यावा तसा घेतला.

"कोणी उठू नका. रंभाबाई, तुमच्या हातातलं बापूजीले द्या. बापूजी, तुमी इंदूबाईले. इंदूबाई, सफारी नत्थूभाऊले. नत्थूभाऊ, टोपरं लेकराले. आन लेकराच्या हातातली डबी..." यादीकडं न बघता ती विसाव्यापर्यंत गेली. कोणीतरी पानठेल्यावरून कवडूलाही धरून आणलं. तिथं तो लोकांना विचारेल त्याला आणि न विचारेल त्यालाही किती वाजले ते सांगत होता. सूट आणि घड्याळ ओमप्रकाशच्या मांडीवर आलं. कवडूला त्याचा शेला मिळाला. ज्याचं त्याला पोचलं. मांडव थोडा श्वास घेऊ लागला.

आणि मग सगळ्यांचं लक्ष रंभाबाईकडं गेलं. तिचे दोन्ही हात रिकामे होते.

नाव घातलं होतं, पुडकं घातलंच नव्हतं. बळीरामला ते आत्ता कळलं. ज्या बाईसाठी मधली ओळ घातली, नेमकी तीच कोरडी. रामाजींनी काठी उचलली. एवढ्यानं वरात उठते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मायासाठी घेतलंच नाही तं?" रंभाबाई हळूच म्हणाली. ती हळू बोलली, म्हणूनच भीती वाटली.

पार्वतीबाई भिंतीचा आधार घेत उठल्या. "नाही घेतलं. याचा दोष नाही. तुयं नाव म्याच सांगितलं नव्हतं."

"काहून वं?"

"चोवीस वर्षं झाले. माया नणंदेच्या लग्नात म्या हातानं केलेल्या सांबारवडीले तू गवत म्हटलं होतं. साऱ्या पंगतीत."

बळीरामनं डोळे मिटले. शामलाचं लग्न कोथिंबिरीच्या वडीवरून मोडणार, हे कोणत्याच तक्त्यात बसलं नसतं.

रंभाबाईनं कमरेवर हात ठेवले. "मंग गवतच होतं ते!"

मांडवात कूलरचं पाणी ठिबकलेलं ऐकू आलं.

"होतं," पार्वतीबाई म्हणाल्या. "सांबार जून झाला होता. मले तवाच समजलं होतं, पण तू सगळ्यायसमोर बोलली ना वं."

आधी रंभाबाई हसली, मग पार्वतीबाई. पार्वतीबाईंनी ट्रंकेतलं स्वतःचं नवं कोरं इरकल लुगडं आणवलं आणि रंभाबाईच्या ओटीत घातलं. रंभाबाईनं काठ बोटांनी मोजला. रुंद होता. ती बळीरामकडं वळली.

"तुमच्या मशिनीपेक्षा तुमच्या मायची खुन्नस बरी, बुवा. तिले मी चोवीस वर्षं ध्यानात होती. मशिनीनं तं मले धोतर नेसवलं."

सगळा मांडव हसला. नवरदेवही हसला, आणि हसल्यावर रुसून बसणं अवघड असतं. गोरज टळायच्या आत अक्षता पडल्या.

बळीरामची कचेरीतली शान तशीच राहिली. तिथं त्याच्या आहेराची बातमी पोचली नाही. घरात मात्र त्याचा हुद्दा बदलला. पुढच्या वर्षी पुष्पलताच्या भाचीचं लग्न निघालं. माईक, आहेर, यादी, पंगत, कशालाच कोणी त्याला विचारलं नाही. शेवटी त्यानं स्वतःच विचारलं, तेव्हा पुष्पलतानं त्याला मांडवाच्या दारात खुर्ची टाकून दिली.

"पाव्हण्यायच्या चपला पाहा. इथी नंबर लावू नका, नुसत्या पाहा."

बळीरामनं जीव ओतून काम केलं. सहा तास जागचा हलला नाही. शंभरावर जोड त्यानं डोळ्यांत तेल घालून राखले. एक हरवला नाही, एक बदलला नाही. पाहुण्यांनी जाताना शाबासकी दिली. शेवटचा पाहुणा गेल्यावर तो समाधानानं खुर्चीवरून उठला आणि घरी आला.

अनवाणी. सगळ्यांच्या चपला धरल्या होत्या, स्वतःच्या धरायच्या राहिल्या.