निवांतपणाची ऐंशी टक्के हजेरी

जळोचीतल्या एका इंग्रजी शाळेने बालवर्गाच्या पालकांना परिपत्रकाद्वारे कळवलं, की मुलांची सकाळ फार घाईत जात असून त्याचा त्यांच्या मनावर परिणाम होतो. सबब यापुढे प्रत्येक सकाळ निवांत घालवण्यात यावी. पुरावा म्हणून मूल स्वतः बूट घालत असल्याची चित्रफीत, पालकाच्या हसऱ्या चेहऱ्यासह, सव्वासातच्या आत ग्रुपवर टाकावी. निवांतपणाची हजेरी ऐंशी टक्क्यांखाली गेल्यास पहिलीतल्या प्रवेशाची हमी राहणार नाही.

पिंपळीचा रणजित साखर कारखान्याच्या शेतकी विभागात होता. कुणाचा ऊस कधी तुटणार, हा कार्यक्रम तोच लावायचा. पोरीच्या प्रवेशाचा प्रश्न आल्यावर त्याने निवांतपणाचाही कार्यक्रम लावला. वासरू बघणं आठ मिनिटं, दूध पिणं अकरा, आईवडिलांना प्रश्न विचारणं तीन. एवढं सगळं बसवायचं तर साडेसहाऐवजी पाचला उठणं भाग होतं. चार वर्षांची स्वराली डोळे मिटूनच वासरू बघू लागली.

"पप्पा, ही मुंगी कुठं चाललीय?"

"मुंगी बुधवारी. आज फूल हाय. बघ पटदिशी, दोनच मिनिटं राहिलीत."

"आवो, बघू द्या की तिला मुंगी," त्याची बायको स्वरूपा आतून म्हणाली.

"तू मधी पडू नको. आधीच एक्क्याऐंशीवर आलोय. स्वरा, निवांत चाव म्हणलं ना! आन् हस!"

"हसायचं तुमाला हाय, तिला न्हाय. थोबाड बघा जरा, उसाचं वजन कमी भरल्यागत झालंय."

बुधवारी मुंगी आली. तिच्या तोंडात साखरेचा दाणा होता आणि तिला भिंत चढायची होती. एक बूट हातात धरून स्वराली चाळीस मिनिटं बसली. व्हॅन निघून गेली. व्हिडिओ वेळेत गेला नाही. हजेरी एकोणऐंशी झाली आणि शाळेने घरतपासणी लावली.

तपासणीला संजीवनी मॅडम आल्या. त्यांच्याकडे त्या सकाळी सत्तावीस घरं होती, म्हणजे घराला चार मिनिटं. स्वराली अंगणात दुसरा बूट उलटा करून आतली वाळू सांडत होती. पहिली धार संपल्यावर तिने वाळू पुन्हा भरून घेतली.

"बाळा, जरा लवकर निवांत हो ना," घड्याळ बघत मॅडम म्हणाल्या. "मला वडगाव निंबाळकरला पोचायचंय."

स्वराली तिसऱ्यांदा वाळू भरू लागली. मॅडमनी शेरा मारला: 'मूल निवांत आहे, परंतु वेळेत नाही. सायंकाळचा निवांतपणा सुधार वर्ग सक्तीचा. अन्यथा प्रवेश रद्द.'

सुधार वर्गात जागाच शिल्लक नव्हती. रणजितने दोन दिवस विचार केला आणि शाळेच्या एका संचालकांचा ऊस तोडणीत तीन आठवडे आधी लावला. दुसऱ्या दिवशी वर्गात एक जागा निघाली.

"तितं करायचं काय पोरीनं?" स्वरूपाने विचारलं.

"टीचर असत्यात. मुंग्या दाखवत्यात."

"आपल्या भिंतीवरच्या काय झोपल्यात व्हय?"

"आगं, तितं सर्टिफिकेट हाय."

सध्या या वर्गाची प्रतीक्षायादी दोनशे चौदावर गेली आहे. इथवर वाचणाऱ्या पालकांनी अर्ज कुठं मिळतो म्हणून शाळेत गर्दी करू नये, यासाठी शाळेचं नाव इथे दिलेलं नाही.